अकरा तुकड्यांचा कोंबडा

वरून कागद आला की पूर्वी मी घाबरायचे, आता हसू येतं. एकवीस वर्षं बालवाडी चालवल्यावर माणसाचं असंच होतं. या वेळचा कागद तीन पानी होता आणि त्याचा अर्थ एका ओळीत मावला असता: तुमच्याकडे मुलांना शिकवायला साधनं नाहीत हे आम्हाला ठाऊक आहे, आम्ही ती देणार नाही, तुमची तुम्ही बनवा. अर्थात इतकं सरळ लिहिणाऱ्याला कोणी त्या खुर्चीवर बसवत नाही. तिथं लिहिलं होतं, ‘परिसरातील टाकाऊ वस्तू व लोकसहभाग यांतून अल्पखर्चिक शैक्षणिक साधनांची निर्मिती’. मोठ्यानं वाचताना मला मध्ये श्वास घ्यावा लागला.

दुसऱ्या पानावर धमकी होती. महिन्याभरानं तपासणी. साठच्या खाली मार्क पडले तर बालवाडी मोठ्या रस्त्यापलीकडच्या बालवाडीत ‘विलीन’ करण्यात येईल. किती छान शब्द! माझी बावीस मुलं, त्यातली निम्मी अजून चपला उलट्या घालणारी, सहा पदरी रस्ता ओलांडून विलीन होणार होती. मी आयांना विचारून पाहिलं. बहुतेकींनी एकच उत्तर दिलं, "रोज कोण नेणार तिकडं? राहील घरी." म्हणजे पाच-सहा मुलं विलीन होणार होती आणि बाकीची टीव्हीसमोर बसणार होती.

तिसऱ्या पानावर मार्कांचा तक्ता होता. त्यात एक ओळ होती: ‘स्थानिक कारागिराने बनवलेले व मुलांच्या वापरातील साधन, १५ गुण’. ही ओळ लक्षात ठेवा. मी ठेवली नव्हती. ती आमच्या घरात दुसऱ्याच माणसानं ठेवली.

लोकसहभाग म्हटल्यावर सभा आलीच. मी मावशींना, म्हणजे आमच्या मदतनीस बाईंना, घरोघर निरोप द्यायला पाठवलं. मावशींनी तीन पानांचा सारांश माझ्याहून चांगला काढला. "बाई भंगार गोळा करतायत, असेल तर घेऊन या," असं त्या प्रत्येक दारात सांगून आल्या. त्यामुळे सभेला कधी नव्हे ती तुडुंब गर्दी झाली. लोकांनी घरं झाडून काढली होती. बाटल्यांची झाकणं चार पिशव्या भरून आली, तिथवर ठीक. पण एकाच पायाचा बूट, बंद पडलेलं भिंतीवरचं घड्याळ, दात पडलेले कंगवे, अर्धी छत्री आणि एका आजींची कवळीसुद्धा आली. "पोरांना दात मोजायला होईल," आजी उदारपणे म्हणाल्या. संध्याकाळी त्यांची सून ती परत घेऊन गेली. जेवायची वेळ झाली होती.

मग ज्यांच्या हातात कला आहे असे लोक पुढं आले. मुलांना बटणं लावता यावीत म्हणून मी शिंपीदादांना कापडाची एक चौकट शिवायला सांगितली. आठ दिवसांनी त्यांनी आणली. वर चार देखणी बटणं, आणि काजं म्हणून नुसती रेशमी दोऱ्यानं काढलेली नक्षी.

"दादा, ही उघडत नाहीत."

"बाई, भारी कोटाच्या बाहीवरची कधीच उघडत नाहीत," ते म्हणाले. माझ्या अडाणीपणाची त्यांना कीव आली असावी.

दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या पेंटरनं अक्षरांची कार्डं रंगवली. प्रत्येक अक्षराला सावली, त्या सावलीला कड, आणि कोपऱ्यात सवयीप्रमाणे स्वतःचा फोन नंबर. मावशींनी तो नंबर एकदा चाल लावून म्हणून दाखवला. पंधरा दिवसांनी एकाही मुलाला ‘ग’ ओळखता येत नव्हता, पण पेंटरचा नंबर बावीस जणांना तोंडपाठ होता. यालाच बहुधा परिणामकारक साधन म्हणत असावेत.

त्या सभेत मागं, दाराशी, मुलांच्या बुटक्या खुर्चीवर मामंजी बसले होते. मामंजी म्हणजे माझे सासरे. पन्नास वर्षं सुतारकाम केलं त्यांनी. आमच्या भागातल्या निम्म्या घरांची दारं त्यांच्या हातची आहेत आणि अजून एकही कुरकुरत नाही. मामंजी कुरकुरतात, दारं नाही. चार वर्षांपूर्वी त्यांचा उजवा हात थरथरायला लागला. दुकान नवऱ्याकडे आलं आणि नवऱ्यानं यंत्रं घेऊन स्वयंपाकघरातली तयार कपाटं जोडायचा धंदा सुरू केला. मामंजी त्यांना पुठ्ठ्याची कपाटं म्हणतात.

तेव्हापासून आमच्या घरात एक नियम आहे. कोणी केलेला नाही, पण सगळे पाळतात. मामंजींना चूक सांगायची नाही. त्यांनी खिळा ठोकला आणि तो वाकला, तर नवरा म्हणतो, "वा, बाबा, छान!" आणि ते आत गेले की पकडीनं उपटून दुसरा ठोकतो. मीही त्यातलीच. त्यांनी बसवलेली फळी उतरती होती, तिच्यावरून दोन वर्षं डबे घरंगळत होते आणि मी ते झेलत होते, पण तोंडातून ‘छान’शिवाय शब्द काढला नाही. प्रेमच होतं ते. निदान मी तरी तसं समजत होते.

सभा संपल्यावर मामंजी काठी टेकत पुढं आले.

"त्या कागदात पंधरा मार्क सुताराचे आहेत म्हणे."

"कारागिराचे, मामंजी."

"तेच ते. मग ते माझे. काय बनवायचं?"

नाही म्हणायची आमच्या घरात सोय नव्हती. "चित्राचं कोडं असतं ना लाकडी? चित्राचे तुकडे करायचे. मुलं ते जोडतात. म्हणजे कसं, बघा—"

"सूनबाई, पन्नास वर्षं मी तुकडेच जोडतोय. तू मला जोडायला शिकवू नकोस."

मी ‘बरं’ म्हटलं. ही माझी पहिली चूक.

दुसऱ्या दिवशी मागच्या ओट्यावर त्यांनी हत्यारांचं गाठोडं सोडलं. चार वर्षं तेलकट फडक्यात गुंडाळून ठेवलेली करवत, कानस, पटाश्या. एका मोडलेल्या जुन्या कपाटाचं दार घेतलं, म्हणजे खर्च शून्य. कोंबड्याचं चित्र ठरलं, अकरा तुकड्यांचं. चोच, तुरा, मान, पंख, पाय, आणि शेपटीचेच तीन. मी म्हटलं, चार तुकडे पुरे होतील. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी भांडी घासायला निघून गेले.

मी खिडकीतून बघायचे. ते उजवं कोपर बरगडीला दाबून धरायचे, करवतीचं पातं रेघेवर टेकवायचे आणि थांबायचे. नुसते थांबायचे. मग एकदम एक ओढ. पुन्हा थांबायचे. शेवटी न राहवून मी विचारलं.

"हात सारखा नाही थरथरत," ते म्हणाले. "मध्ये उसंत घेतो. त्या उसंतीत कापायचं."

असा एक तुकडा दोन-दोन दिवस चालायचा. पण माणूस बदलला. सकाळी हाक मारायच्या आत उठून बसायचे. शेजारपाजारी सगळ्यांना सांगून झालं, पंधरा मार्क माझ्याकडे आहेत. एकदा जेवताना मला म्हणाले, "भाजी खारट झालीय." चार वर्षांत त्यांनी माझ्या स्वयंपाकाला नाव ठेवलं नव्हतं, समोर येईल ते मुकाट्यानं गिळायचे. मला इतका आनंद झाला की राग यायचा राहूनच गेला.

तपासणीला चार दिवस असताना कोंबडा तयार झाला. खोटं कशाला सांगू, बघून माझे डोळे भरून आले. कुठं खरखर नाही, कुठं कड वर नाही. रंग पेंटरनं दिला होता, पण मामंजी शेजारी काठी घेऊन बसल्यामुळे फोन नंबर टाकायची त्याची छाती झाली नव्हती. तुकडे वेगळे एका पिशवीत आणि त्यांच्या खाचांची फळी वेगळी.

"मी नुसते टेकवून बघितलेत," ते म्हणाले. "दाबून बसवायचं काम पोरांचं. केस जाणार नाही मधून."

दुसऱ्या दिवशी वर्गात ती फळी मी वकीलबाईंपुढं ठेवली. वकीलबाई साडेचार वर्षांच्या आहेत आणि बालवाडीत त्यांच्याशी वाद घालून अजून कोणी जिंकलेलं नाही, त्यात मीही आले. तिनं चोच उचलली, खाचेवर ठेवली आणि तळहातानं दाबली. टक्. सगळी मुलं धावली. टक्, टक्, टक्. दहा मिनिटांत अकरा तुकडे जागेवर आणि कोंबडा उभा. टाळ्या वाजल्या.

"शाब्बास! आता काढा बरं, पुन्हा लावू."

कोंबडा निघेना. आधी नखांनी झालं, मग चमच्याच्या दांड्यानं. मग मावशींनी फळी उलटी धरली आणि मी मागून लाटण्यानं ठोकलं. आत बसलेला कोंबडा जणू जन्मापासून तिथंच होता. तुकड्यांच्या कडा त्यांनी खाली किंचित निमुळत्या केल्या होत्या, दाबले की घट्ट धरावेत म्हणून. पन्नास वर्षांत या माणसानं जोडलेली एकही गोष्ट सुटलेली नव्हती आणि सुटावी म्हणून कधी काही जोडलंही नव्हतं. मी ‘मुलं जोडतात’ म्हणाले होते. ‘आणि मोडतात’ हे सांगायचं राहिलं होतं. जगात बहुधा हे एकच कोडं असेल, जे एकदा सुटलं ते कायमचं.

संध्याकाळी मामंजी दारातच उभे होते.

"बसले का तुकडे?"

"बसले, मामंजी. अगदी बसले."

"फट?"

"नावाला नाही."

"पोरं?"

"पोरं खूश. छान झालंय, सगळे म्हणतात छान झालंय."

शब्दन् शब्द खरा होता, म्हणून मला आणखीच लाज वाटली. ते मान हलवत आत गेले आणि त्या दिवशी एक पोळी जास्त जेवले. त्या पोळीकडे बघून मी ठरवलं, या माणसाला काही कळू द्यायचं नाही. नवरा म्हणाला, "यंत्रावर अर्ध्या तासात हुबेहूब दुसरा काढून देतो, बाबांना पत्ता लागायचा नाही." तेवढं मात्र माझ्यानं होईना. त्या उसंती मी खिडकीतून पाहिल्या होत्या. त्यामुळे मी खोटं बोलत राहणार होते, पण फक्त हातानं केलेलं. एवढाच काय तो माझा बाणेदारपणा.

कोंबडा मी भिंतीला खिळ्यावर टांगला, चित्रासारखा. आणि मुलांना सांगितलं, हा निघत नाही हे आजोबांना सांगायचं नाही.

"कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, बाई," मावशी म्हणाल्या.

"मावशी, तुम्ही झाडू मारा."

तपासणीच्या आदल्या दिवशी पलीकडच्या मोठ्या बालवाडीतल्या बाईंचा फोन आला. त्या जवळजवळ रडत होत्या. त्यांच्याकडे तपासणी झाली होती. त्यांनी पन्नास साधनं बनवून, एकेक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवली होती आणि कपाटाची किल्ली कमरेला. तपासायला आलेल्या मॅडमनी शेरा दिला, ‘वापराच्या खुणा नाहीत’, आणि वीस मार्क कापले.

मी खाली बसले. आमच्याही साधनांना कुठं खुणा होत्या? महिनाभर मीच ओरडत होते, हात लावू नका, तपासणी व्हायचीय. मग काय, चार वाजता पुन्हा लोकसहभाग. ही सभा मात्र दृष्ट लागण्यासारखी झाली. आयांनी अक्षरांच्या कार्डांवर चहाचं पाणी शिंपडलं आणि कोपरे दुमडले. शिंपीदादांनी स्वतःच्या हातानं स्वतःची दोन बटणं सैल केली. त्यांच्या चेहऱ्याकडे मला बघवलं नाही. पंक्चरवाला ग्रीसनं माखलेला हात घेऊन आला, ठसे उमटवायला. त्याचा अंगठा चार वर्षांच्या मुलाला मोठा होईल असं कोणीतरी म्हणालं, म्हणून त्यानं करंगळी वापरली. एक बाई कार्डाचा कोपरा चक्क दातांनी चावत होत्या, कारण लहान मुलं चावतात.

आणि मुलं? मुलांना आम्ही अंगणात हाकललं होतं. ती आत आली असती तर खुणा बिघडल्या असत्या. बाहेर ती उरलेल्या झाकणांच्या रांगा लावत होती. मोठं, मग त्याहून लहान, मग त्याहून लहान. एका मुलीनं त्या एकट्या बुटात झाकणं मोजून भरली. तिकडं बघायला आम्हाला वेळ नव्हता.

दुसऱ्या दिवशी मॅडम आल्या. मला वाटलं होतं वाघीण येईल. एक दमलेली, घाम पुसणारी बाई आली, दिवसातली तिसरी बालवाडी असलेली. तिच्या मागोमाग, कोणी बोलावलं नसताना, मामंजी आले. इस्त्रीचा सदरा, दाढी केलेली. ते त्या बुटक्या खुर्चीवर बसले आणि काठी दोन गुडघ्यांत धरली.

मॅडमनी कार्डं पाहिली. "वापराच्या खुणा आहेत," त्या समाधानानं म्हणाल्या आणि लिहिलं. बटणांची चौकट पाहिली, लिहिलं. मावशी खोकल्या. मग मॅडमची नजर भिंतीवर गेली.

"हे कोणी केलं?"

"मी," मामंजी उभे राहिले. शाळेत नाव पुकारल्यावर मूल उभं राहतं तसे.

"सुंदर आहे. बाई, एखाद्या मुलाला हे वापरताना दाखवा."

"मॅडम, आधी चहा—"

"चहा दोन ठिकाणी झाला." त्यांनी फळी स्वतःच खाली काढली, मांडीवर घेतली आणि तुऱ्याखाली नख घातलं. मग पेनाचं टोपण घातलं. टोपण तुटलं.

वकीलबाई हाताची घडी घालून हे सगळं बघत होत्या. "ते निघत नाही," त्या म्हणाल्या. "कधीच नाही निघत. बाई म्हणाल्या, आजोबांना सांगायचं नाही."

मामंजी माझ्याकडे बघत होते.

"काढायचं असतं हे?"

"हो."

"जोडलेलं? परत मोडायचं?"

"रोज, मामंजी. दिवसातून दहादा. त्यातच तर खेळ आहे."

"आणि तुला हे कधी कळलं?"

"त्याच दिवशी."

"तीन दिवस मला छान छान म्हणत होतीस."

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून…"

"वाईट?" त्यांचा आवाज चढला आणि हातापेक्षा जास्त थरथरला. "सूनबाई, चूक सुताराला दाखवतात. म्हाताऱ्याला सगळे छान म्हणतात. चार वर्षं मी खिळे वाकडे ठोकतोय आणि तुम्ही सगळे वा, वा! मला काय दिसत नाही? रात्रीत खिळे सरळ होतात, ते काय आपोआप? हात गेलाय माझा, डोळे नाही गेले. मला वाटायचं, एक दिवस तरी कोणीतरी ओरडेल माझ्यावर."

मला जमिनीनं पोटात घ्यावं असं वाटलं. चहाचं पाणी शिंपडणाऱ्या आयांना मी मनात किती हसले होते, आणि मी चार वर्षं घरात दुसरं काय केलं होतं? एका जिवंत कारागिराला मी ‘छान’ म्हणून म्हणून भिंतीला टांगलं होतं. मी रडले. मॅडमसमोर, मुलांसमोर, नाक वर ओढत रडले.

मामंजींनी माझ्याकडे लक्ष दिलं नाही. "इकडं ये गं," ते वकीलबाईंना म्हणाले. "कुठं अडकतं दाखव."

ती त्यांच्याजवळ गेली आणि तिनं बोट ठेवून ठेवून दाखवलं. "हे इथं. हे पण. आणि ही शेपटी तर फारच वाईट केलीय तुम्ही."

"खरंय," मामंजी म्हणाले.

त्यांनी सदऱ्याच्या खिशातून फडक्यात गुंडाळलेली बारीक पटाशी काढली. हत्यार खिशात नसताना कामावर जायचं नाही ही त्यांची जुनी सवय, आणि ते त्या दिवशी कामावर आले होते. ते खाली जमिनीवर बसले. "धर घट्ट," म्हणाले. तिनं दोन्ही हातांनी फळी धरली. त्यांनी पटाशीचं टोक चोचीच्या कडेला टेकवलं आणि थांबले. वकीलबाईही थांबल्या. उसंत आली, चोच सुटली. मुलांनी त्या दिवशी कोंबडा जोडताना वाजवल्या होत्या त्याच्या दुप्पट टाळ्या वाजवल्या.

"कडेनं अर्धं सूत जायला हवं सगळ्यांचं," मामंजी स्वतःशी पुटपुटले. सूत म्हणजे सुतारांचं माप, इंचाचा आठवा भाग. "आणि निमुळतं उलट्या बाजूनं. गाढवपणा झाला माझा." एवढा आनंदानं स्वतःला गाढव म्हणणारा माणूस मी पाहिला नव्हता.

मॅडम त्यांच्या तक्त्याकडे बघत होत्या. ‘वापरात आहे’ आणि ‘वापरात नाही’ असे दोनच रकाने. जमिनीवर बसून अठ्ठ्याहत्तर वर्षांचा सुतार साडेचार वर्षांच्या मुलीकडून बोलणी खातोय, याला रकाना नव्हता. कागद बनवणाऱ्यांना हे सुचलं नसावं. मॅडमनी पान उलटलं, मागचा बारीक मजकूर वाचला आणि लिहिलं, ‘साधन दुरुस्तीखाली. पंधरा दिवसांनी फेरतपासणी.’ बाकीची बेरीज त्रेपन्न झाली होती. म्हणजे सात मार्क कमी होते आणि ते सगळे कोंबड्याच्या पोटात होते.

ते पंधरा दिवस मामंजी माझ्याआधी बालवाडीत जायचे. मुलं तुकडे घालून बघायची, वकीलबाई निकाल द्यायच्या. "नापास," म्हणायच्या, की मामंजी काचपेपर घेऊन पुन्हा बसायचे. घरी जेवताना ते रंगवून सांगायचे, "आज तुरा दुसऱ्यांदा परत केला तिनं. फार कडक गिऱ्हाईक आहे." मी शिंपीदादांची काजं कात्रीनं उघडली आणि कार्डं, झाकणं, बूट, सगळं खाली मुलांच्या हाताला येईल असं ठेवलं. खोट्या खुणा आठवड्यात खऱ्या खुणांखाली गेल्या. त्या खोट्या होत्या हे मात्र मी कोणाला कळवलं नाही. मी बाई आहे, संत नाही.

फेरतपासणीला मॅडमनी फळी उलटी केली आणि कोंबडा खळकन जमिनीवर पडला. मुलांनी तो चार मिनिटांत जोडला, पुन्हा पाडला, पुन्हा जोडला. मॅडमनी तुकडे मोजले.

"कागदावर अकरा आहेत. इथं दहाच."

तुरा गायब होता. सगळ्यांनी शोधला, मिळाला नाही. कोणीतरी घरी नेला असणार. मी कपाळाला हात लावला, पण मामंजींची छाती फुगली.

"मॅडम, एवढी दारं केली आयुष्यात, एक चोरीला गेलं नाही," ते म्हणाले. "हा माझा पहिला माल चोरीला गेलेला."

मॅडम हसल्या, आणि हसत हसत तुकडा हरवल्याबद्दल तीन मार्क कापले. नियम तो नियम. पंधरातले बारा मिळाले. पासष्ट. आमचं विलीन होणं राहिलं. दोन दिवसांनी तसा कागद आला, तोही तीन पानी.

त्याच आठवड्यात एका संध्याकाळी आम्ही जेवायला बसलो होतो. मामंजींनी खिशातून नवा तुरा काढला आणि माझ्या ताटाशेजारी ठेवला.

"बघ."

मी हातात घेतला. गुळगुळीत होता, देखणा होता. आणि एका बाजूला कलला होता. चार वर्षांचा ‘छान’ माझ्या जिभेच्या टोकावर येऊन बसला. मी तो घासाबरोबर गिळला.

"मामंजी, वाकडा झालाय."

नवऱ्याचा हात तोंडाशी थांबला. पाण्याचा तांब्या पुढं करणारी माझी मुलगी तशीच उभी राहिली. मामंजींनी तुरा माझ्या हातातून घेतला, डोळ्यांजवळ नेला, दिव्याकडे धरला.

"किती?"

"अर्धं सूत. डावीकडं."

"अर्धं नाही, चांगलं पाऊण आहे," ते म्हणाले. "बरं झालं सांगितलंस." आणि जेवण तसंच टाकून ते ओट्यावर गेले. काचपेपरचा आवाज सुरू झाला, थांबला, पुन्हा सुरू झाला. मग बाहेरून त्यांनी ओरडून सांगितलं, "आणि भाजी आजही खारट आहे!"